शरदातला योग्य रविवार

पनवेलहून समुद्र दोन तासांवर आहे, त्यामुळे तिथे जाण्याची घाई आमच्या घरात कधी कोणी केली नाही. मागच्या खेपेला गेलो तेव्हा हितेश कडेवर होता. आता तो नोकरी करतो आणि मला ‘बाबा, तुम्ही ओव्हरथिंक करता’ असं सांगतो.

या वर्षी मात्र प्रकरण तातडीचं झालं. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं दिवाळीनंतरची ठरली. पुढे वर्षभर वाळूचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आई उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. ती एवढंच म्हणाली, “कमळाकर, त्याच्या आदी एकदा खाऱ्या पाण्यात पाय बुडवून आण मला.”

“कधी जायचं?” मी विचारलं, आणि इथेच चुकलो.

“आज काय वाईट हाय?”

आज सोमवार होता. सोमवारी रुचिरा, म्हणजे आमची सौ., मासे खात नाही. समुद्रावर जाऊन पापलेट न खाता परतणं याला सहल म्हणत नाहीत, पाहणी दौरा म्हणतात. मी पंचवीस वर्षं नियोजन विभागात काढली आहेत. एवढा मोठा निर्णय तोंडी घेणं माझ्या स्वभावात नाही. मी तक्ता करायला बसलो.

मंगळवार माझा, गुरुवार पुन्हा रुचिराचा, शनिवार हितेशचा. (तो देव मानत नाही, फक्त शनी मानतो.) बुधवार-शुक्रवार ऑफिस. उरला रविवार. पहिले रविवार गणपतीत गेले. पितृपक्षात किनारे ओस होते, पण रुचिरा म्हणाली, “अहो, पितर घरी जेवायला यायचे आणि आपण बीचवर? बरं दिसतं का ते?” नवरात्रात घट बसले, मासे उठले. शिवाय ओहोटीला गेलं तर समुद्र दिसतो, पण सापडत नाही, म्हणून हितेशने भरतीची वेळापत्रकं डाउनलोड केली. तक्त्याला अकरा रकाने झाले.

आई रोज विचारायची, “ठरलं काय रं?”

“अंतिम टप्प्यात आहे, आई.”

“समिंदर काय डाक्टर हाय? नंबर कसला लावतोस?”

अखेर कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधे, सर्व निकष पूर्ण करणारा एकच रविवार निघाला. वार मोकळा, तिथी मोकळी, आभाळ निरभ्र, भरतीचा भर दुपारी चार दहा ते पाच पस्तीस. इतकं शास्त्रशुद्ध काम घरात कुजू देणं मला पाप वाटलं. ‘समुद्रसहल : इष्टकालनिश्चिती (अंतिम)’ असा मथळा देऊन मी तो तक्ता सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. एकशे चाळीस अंगठे आले. मी त्यांना कौतुक समजलो. ती हजेरी होती.

दोन दिवसांनी तोच तक्ता कळंबोलीच्या मावसभावाकडून मला आला. वर ‘आपल्या माणसांना पाठवा’ असं लिहिलेलं, खालचं माझं नाव कापलेलं.

त्या रविवारी वडखळच्या पुढे, खाडीच्या पुलाअलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी काच खाली केली.

“चार दहाची ना तुमची पण?” त्यांनी विचारलं.

चार वाजून गेले. आई खिडकीबाहेर बघत होती. “भरती लागली.”

“आई, अजून वीस किलोमीटर आहे.”

“तुजी लांब आसंल. माजी हितं आली.”

आणि तिने दार उघडलं. रुचिरा आणि हितेश धावत उतरले, तिला दोन्हीकडून धरलं. रस्त्याच्या कडेचा बांध उतरून तिघं खाली गेली. खाडीचं पाणी चिखलावर चढत होतं. आईने चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली. मग मागे वळून ओरडली, “ये रं कमळाकर! दोन मिन्टं ये!”

मी जाणारच होतो. पण पुढची गाडी सहा फूट सरकली. एवढ्या अभ्यासाने मिळवलेली जागा मधेच कोणी घुसून घेतली तर? तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मी सहा फूट पुढे गेलो. आरशातून आई गेली आणि मागची पांढरी गाडी आली.

पांढरी गाडीवाले, तो हॉर्न तुमचा होता. माझी तक्रार नाही. तुमच्या जागी मीही वाजवला असता. फक्त तुमच्या मागच्या सीटवर एक म्हाताऱ्या बाई होत्या, काचेला नाक लावून खाडीकडे बघत. त्यांच्या बाजूचं दार तुम्ही नंतर उघडलंत का?