पाळण्याच्या आकड्याला सलाइन

खण्ण! आतल्या खोलीत डब्याचं झाकण पडलं आणि दुपारची शांतता मोडली.

मंजुळा उठली नाही. पाळण्यातलं तान्हं आत्ता कुठे डोळे मिटत होतं; दोरी सोडली असती तर सगळं मुसळ केरात. 'मांजर असेल,' असं तिने स्वतःला समजावलं. तांदळाच्या डब्यावर आपण घाईत झाकण नुसतं टेकवलं होतं, हे तिला आठवलं खरं. पण मांजर कुठे तांदूळ खातं? मग झोके देता देता तिने ती आठवणही निजवली.

तांदूळ खाल्ले सासूबाईंच्या, म्हणजे जानकीबाईंच्या, हरणीने. कापडे गावातल्या त्या घरात हरणी शेळी कमी आणि वडीलधारी जास्त होती. जानकीबाई शेतावरून आल्या तेव्हा ती मागच्या दारात मान टाकून पडली होती. डावी कूस ढोलासारखी फुगलेली.

"काय खाल्लं गो हिनं? कुनी घातलं?"

मंजुळाने आत जाऊन पडलेलं झाकण डब्यावर घट्ट बसवलं. सहा वर्षांची आवडी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

पोलादपूरहून जनावरांचे डॉक्टर अमजद मोटारसायकलवर आले. त्यांनी नळी घालून पोटातला वारा काढला, तांदूळ खाल्ल्याचं निदान केलं, इंजेक्शन दिलं आणि सलाइनची बाटली हातात धरून विचारलं, "उंच आकडा कुठंय?"

घरात उंच आकडा एकच होता, पाळण्याचा. पाळणा उतरला, तान्हं जानकीबाईंच्या मांडीवर गेलं आणि हरणी पडवीत त्याच्या जागी आली.

"वहिनी, पुढच्या गावात गाय अडलीय, मला निघायला हवं. आता सिस्टर तुम्हीच. थेंब असाच पडत राहू दे. पोत्यांचा टेका देऊन हिला छातीवर बसती ठेवा, आडवी पडली तर पुन्हा फुगेल. दोन दोन तासांनी कूस बदला. कान गार लागले तर शेका. आणि तोंडावाटे काही नाही. पाणीसुद्धा नाही."

"उपाशी मरंल की ती!" जानकीबाई कळवळल्या.

"आजी, ती खाऊनच मरायला टेकलीय."

मंजुळाने पदर खोचला. बाळंतपणाने तिला नर्सिंगचा निम्मा अभ्यास शिकवलाच होता: मान सावरणं, कूस बदलणं, झोप न मोडता हलवणं. थोपटता थोपटता तिच्या तोंडून अंगाई निघाली. हरणी तशीच राहिली. तिकडे मांडीवरचं तान्हं मात्र गाढ झोपलं.

एवढ्यात शेजारच्या ललिताकाकू टोप घेऊन दारात. "आजाऱ्याला बघायला मोकळ्या हातानं कसं यायचं? पेज आनलीय."

"काकू, तांदळानंच ही वेळ आणलीय."

"ते कच्चं व्हतं. ह्ये शिजलेलं हाय."

मंजुळा दारातून हलली नाही. शेवटी ललिताकाकूंनी उंबऱ्यावर बसून पेज स्वतःच संपवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "आत जाऊ नुको रे. सून डाक्टरीन झालीय."

जानकीबाईंचे हात मात्र काहीतरी द्यायला शिवशिवत होते. "तोंडातनं द्यायचं नाय ना? नाय देत." त्यांनी गावदेवीच्या दिशेने हात जोडले. "हरणीला उठीव गो माये. तुला कोंबडा देईन."

मंजुळा मनातल्या मनात हसली. औषध चढतंय नळीतून, आणि मान जाणार कोंबड्याची! घरात कोंबडाही एकच, आवडीचा तांबड्या. तो दुपारपासून हरणीला खेटून उबेला बसला होता.

दिवेलागणीला हरणीचे कान गार पडले. मंजुळाने तव्यावर फडकं तापवून शेक दिला, बाळाचं दुपटं पांघरलं. कान गारच. तिने इकडेतिकडे पाहिलं. सासूबाई आत होत्या. ती गावदेवीच्या दिशेने हळूच पुटपुटली, "आई, माझ्या एका झाकणापायी जीव चाललाय. कोंबडा देईन, पण उठव हिला."

तांबड्याने मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. मंजुळाने नजर वळवली.

सकाळी हरणीने पडवी दणाणेल अशी ढेकर दिली, धडपडत उभी राहिली आणि अंगावरचं दुपटंच चघळू लागली.

परत आलेल्या डॉक्टरांनी सुई काढली. "मी नुसती टोचली होती, आजी. वाचवली ती तुमच्या सिस्टरनं."

"सून कुनाची हाय!" जानकीबाई म्हणाल्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती. हे वाक्य मंजुळा पहिल्यांदाच ऐकत होती. डॉक्टरांची मोटारसायकल वळणाआड गेली तशी जानकीबाईंची नजर अंगणात फिरली. "तांबड्या कुठं हाय? मंगळवारी देवीचं उरकून टाकू."

नारळावर भागवू, असं म्हणायला मंजुळाने तोंड उघडलं. मग संध्याकाळचे स्वतःचे शब्द आठवले आणि तोंड तिने तसंच मिटलं.

आवडी खांबाआड उभी होती. तांबड्या तिच्या काखेत, डोळे मिटून निवांत.

"आये," ती म्हणाली, "तांदूळ हरणीनं खाल्लं. झाकन तू उघडं ठेवलंस. नवस आजी बोलली, नि मग गुपचूप तू पन बोललीस. तांबड्यानं काय केलं गो?"