मधुभाऊंची बिनछपराची गाडी

मधुभाऊ रोज दुपारी चार वाजता गाडीत बसतात, आरसा नीट करतात आणि उजवीकडे वळायच्या आधी हात बाहेर काढतात. गाडी चार चिऱ्यांवर ठेवलेली. जवळजवळ तीन वर्षं तर तिला चाकंसुद्धा नव्हती. उजवीकडे माझा तोंडलीचा मांडव आहे, तेव्हा हे गृहस्थ नक्की कुठे वळणार, असं मी एकदा विचारलंच. म्हणाले, "वहिनी, सवय मोडता कामा नये."

थळला आमची वाडी आणि त्यांची वाडी अशा शेजारी-शेजारी. मध्ये नुसते दगड रचून केलेला कमरेएवढा गडगा. त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते बघायचं नाही म्हटलं तरी दिसतं, आणि ऐकायचं नाही म्हटलं तर मुळीच सोय नाही. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. घोळ घालणारी माणसं मला सहन होत नाहीत. देवाने नेमका हा माणूस माझ्या वाट्याला दिला.

मधुभाऊ कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात, निदान नारळ तरी मोजतात. ह्यांनी कारखान्यातून येताना एक जुनं कॅलेंडर आणलं. त्यावर लांब नाकाची, लालभडक, दोनच माणसं बसतील अशी विलायती स्पोर्ट्स कार. ही मी घरी बनवणार, म्हणाले. भंगारातल्या एका व्हॅनचं इंजिन आणलं, अंगणात वेल्डिंगचं मशीन आलं, आणि आमची दुपारची झोप गेली ती गेलीच.

त्यांचा लाडका शब्द म्हणजे 'तत्त्वतः'. सांगाडा उभा राहिला तेव्हा गाडी तत्त्वतः तयार होती. स्टिअरिंग बसलं, पण फिरवलं की वायपर हलायचे, तेव्हाही ती तत्त्वतः तयारच होती. पासिंगचं काय करणार, असं आमच्या ह्यांनी विचारलं, तर कागदपत्रं तत्त्वतः व्हॅनची आहेतच, म्हणाले. माझ्या वर्गात असतं कार्टं, तर बाकावर उभं केलं असतं.

बॉडीसाठी ते पनवेलला जातील, पुण्याला जातील, असं आपल्याला वाटतं. ते गेले बंदरावरच्या हिराजीकडे. हिराजी फायबरच्या होड्या बनवतो, आणि झकास बनवतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने जन्मात होडीशिवाय काही केलेलं नाही. त्याने चित्र बघितलं, मान हलवली आणि दीड महिन्याने जे आणून दिलं त्याचं नाक लाटेवर चढायला निघाल्यासारखं वर उचललेलं. तळाला एकसुद्धा भोक नाही. जुलैत ते पावसाने काठोकाठ भरलं आणि त्यात बेडूक राहायला आले. मधुभाऊ छत्री धरून टमरेलाने पाणी उपसत होते. मी गडग्यावरून म्हटलं, अहो, कोकणात राहून बिनछपराची गाडी कोण बनवतं? निदान ताडपत्रीचं घडीचं छप्पर तरी लावा. ते म्हणाले, छप्पर नको. एवढंच. एरवी ह्या माणसाला साधं उत्तर द्यायला अर्धा तास लागतो.

आता कुसुमबद्दल सांगायला हवं, म्हणजे त्यांच्या बायकोबद्दल. गरीब स्वभाव, हाताला चव, पण तिला गाडी लागते. थोडीथोडकी नाही. एसटीत पाय ठेवला की पोटात ढवळतं, लेकीच्या एसी गाडीत तर वाडीचं फाटक ओलांडायच्या आत पिशवी मागते. अलिबागच्या बाजाराला जायचं म्हटलं तरी दोन दिवस आधी जेवण सोडते. माहेर तिचं रोह्याच्या पुढे, तळा गावात. आईबाप लवकर गेले, थोरल्या भावाने वाढवली. सहा वर्षांत ती त्याला भेटलेली नाही. आता तो अंथरुणाला खिळलाय. दर रविवारी फोनवर एकच विचारतो, कधी येतेस? ही म्हणते, बघते. मग फोन ठेवून गडग्याशी येते आणि माझ्याशी भलत्याच विषयावर बोलत बसते. भलताच विषय मी बोलू देते.

इंजिन चालू झालं आणि माझ्या त्रासाला सीमा राहिली नाही. आता चार वाजता मधुभाऊ कुसुमलाही शेजारी बसवायचे आणि गाडी नुसती जागच्या जागी घुरघुरत ठेवायचे. मी उन्हात आमसुलं घातलेली, सगळा धूर त्यांच्यावर. वर कहर म्हणजे हे मध्येच खाली उतरून, तिला आत तशीच बसवून, मागून गाडी गदगदा हलवायचे. तिचं कमरेचं ऑपरेशन झालेलं. माझ्याने राहवेना.

"मधुभाऊ, बायको आहे ती. ताक नाही घुसळायला."

"वहिनी, हा तत्त्वतः रोह्याचा घाट आहे," ते धापा टाकत म्हणाले. कुसुम आपली हसत होती. दोघंही कामातून गेली, अशी माझी खात्री झाली.

पुढच्या पौषात गाडीला चाकं लागली, रंग लागला, आणि मधुभाऊंनी पहिल्यांदाच टेप लावून रुंदी मोजली. बाहेर जायची वाट त्यांच्या ओट्याच्या आणि विहिरीच्या मधून. गाडी वीतभर जास्त रुंद. हिराजीला बोलावलं. त्याला त्यात काही चूक दिसेना. "दोन्ही अंगांनी वाढवली मी. अरुंद काय कामाची? कलंडंल," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

संध्याकाळी मधुभाऊ गडग्याशी आले. गडगा सात-आठ हात उघडला तर गाडी आमच्या वाडीतून रस्त्याला लागेल, म्हणाले. मी सरळ नाही म्हटलं. ह्याच गडग्यापायी त्यांचे वडील आणि माझे सासरे अकरा वर्षं कोर्टात भांडले. सासऱ्यांनी जाताना बजावलं होतं, दगड हलवू देऊ नका, एकदा वाट दिली की वहिवाट पडते. ते सगळं मी ऐकवलं, आणि तोंड सुटलंच होतं म्हणून तीन वर्षांचं सगळं ऐकवलं. धूर, बेडूक, वेल्डिंग, आणि ती बिनछपराची अवदसा.

मधुभाऊ सगळं ऐकत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "छप्पर घातलं तर तिला लागेल."

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं. स्कूटरवर कुसुमला कधी लागायचं नाही. तोंडावर वारा असला की तिला काही होत नाही. पण कमरेच्या ऑपरेशननंतर स्कूटरवर बसता येईना. मोकळ्या गाडीच्या किमतींची चौकशी करून आले, आणि मग कॅलेंडर घरी आणलं. रोज चार वाजता ते तिला सवय करत होते. आधी पाच मिनिटं, मग दहा.

"काल पाऊण तास बसली. घाटासकट. लागलं नाही," ते म्हणाले. "तिला मात्र सांगू नका. तिला वाटतं मला खूळ लागलंय. दादाकडे न्यायला बनवलीय म्हटलं, तर धास्तीनेच लागेल."

मी तोंडलीचा वेल उगाच सारखा करत राहिले. रडू येत होतं आणि त्या माणसाचा रागही येत होता. तीन वर्षं मला शिव्या घालू दिल्या, पण एका शब्दाने बोलला नाही.

सकाळी मी खडू घेऊन गडग्याच्या प्रत्येक दगडावर नंबर घातला, म्हणजे पुन्हा जसाच्या तसा रचता येईल. आमचे हे 'वहिवाट, वहिवाट' करत मागे फिरत होते. त्यांच्याच हातात पहिला दगड दिला. हिराजी चार माणसं घेऊन आला, नाकावर नारळ फोडला, आणि होडी लोटतात तशी गाडी लोटून आमच्या वाडीतून रस्त्यावर नेली. कुसुमला सांगितलं होतं, नाक्यापर्यंत जाऊन येऊ. डोक्याला स्कार्फ, हातात लिंबू, मांडीवर पिशवी. नाक्यावर गाडी थांबली नाही, असं पानवाल्याने मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी दहा वेळा रस्त्यावर जाऊन आले. फोन करायचा धीर होत नव्हता. शेवटी जीव रमवायला गडगा रचायला घेतला. सहा दगड लावले, सातवा उचलला, तेवढ्यात ते लांब नाक फाटकातून आत आलं. कुसुमचा चेहरा वाऱ्याने लाल झालेला. तिने बसल्या जागेवरून तीच पिशवी माझ्यापुढे धरली. आत वालाच्या शेंगा होत्या.

"दादाने दिल्यात, बाई. पिशवी रिकामीच होती ना," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत बोलावलंय."

मी हातातला सात नंबरचा दगड खाली ठेवला.