गैरहजेरीचा खुलासा

"तू पारशिवनीले जाणार नाहीस, माया. पोरगी परदेशात फिरून राहिली अन् तू इकडे वांग्याचं भरीत खात बसशील काय?"

धम्मानंद शनिवारी सकाळी असं म्हणाले, तेव्हा मायाबाईंची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. सहा मैत्रिणी गाडी घेऊन पारशिवनीजवळच्या शेतावर निघाल्या होत्या. दोन दिवस स्वयंपाक दुसऱ्याचा, गप्पा आपल्या. हा बेत तीनदा ठरून तीनदा मोडला होता. चौथ्यांदा मायाबाईंपुरता मोडला. गाडी दारात हॉर्न वाजवून निघून गेली आणि मायाबाईंनी बॅग होती तिथंच राहू दिली.

मोडायचं कारण म्हणजे त्यांची लेक रोशनी. ती जर्मनीत शिकत होती आणि सुट्टीचे दोन दिवस साधून नागपूरच्याच तीन मित्रमैत्रिणींबरोबर प्राग आणि व्हिएन्ना बघायला निघाली होती. केयूर, नूपुर, हर्षित आणि ही, अशी चारच डोकी. पण धम्मानंदांनी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं हजेरीपट सांभाळला होता. रिटायर झाले तरी हजेरी घ्यायची सवय काही रिटायर झाली नव्हती. त्यांनी चारही घरच्या पालकांचा आणि पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्याला 'युरोप दौरा नियंत्रण कक्ष' असं भारदस्त नाव दिलं आणि नियम टाकले.

दर तासाला एक फोटो. फोटो डोक्यापासून पायापर्यंत, मागची इमारत दिसेल असा. सेल्फी चालणार नाही, त्यात नुसती नाकं दिसतात. फोन अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा नाही, घेऊन पळतो.

पहिला फोटो साडेबाराला आला. मागे पूल, पुलावर पोरं. धम्मानंदांनी बोट ठेवून मोजलं. तीन.

"हर्षित नाही!"

हर्षितचे आजोबा महादेवराव दहा मिनिटांत स्कूटर घेऊन हजर झाले. "नदीत तं नाही ना पडला गा? त्याले पोहता येत नाही!"

मायाबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला. दीड वाजता दुसरा फोटो आला. त्यात हर्षित चांगला दात काढून उभा होता. महादेवरावांनी मोबाइललाच हात जोडले. पण धम्मानंदांचं बोट पुन्हा तीनवरच थांबलं.

"आता केयूर नाही."

केयूरचे वडील कृष्णकांत इतवारीतलं भांड्यांचं दुकान तसंच टाकून आले. आल्या आल्या ते महादेवरावांवर घसरले. "तुमचा नातू सापडला अन् माझा पोरगा हरवला? दोघं भांडले असतील! तुमचा हर्षित लहानपणापासून तसाच आहे!"

"माझा हर्षित? अन् तुमच्या केयूरनं माह्या गच्चीवरची टाकी फोडली, ते?"

"शांतता!" धम्मानंद म्हणाले आणि त्यांनी ग्रुपवर टाइप केलं, 'गैरहजेरीचा लेखी खुलासा तात्काळ सादर करावा, अन्यथा दौरा रद्द.'

अडीच वाजता खुलासा आला नाही, फोटो आला. केयूर होता. नूपुर नव्हती. नूपुरची आई चारुशीला रडतच जिना चढली. "मी तिले म्हटलं होतं, जाऊ नको म्हणून! अरे बाप्पा, एक सापडला की दुसरा हरवते! ही कोणती टोळी आहे?"

धम्मानंदांनी दुसरी नोटीस काढली, तीही मोठ्या अक्षरांत. 'चारही जणांनी पहिल्या गाडीनं परत फिरावं.' मायाबाई आत तिसऱ्यांदा आधण ठेवत होत्या. पारशिवनीहून मैत्रिणींचा फोन आला तो त्यांनी स्वयंपाकघरातच घेतला. "तुझं ताट वाढून ठेवलं वं," कोणीतरी म्हणालं. मायाबाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी फोन ठेवला आणि आधणात साखर टाकली.

साडेतीनला रोशनीच्या मोबाइलवरून चौथा फोटो आला. तिघं जण जिभा काढून उभे होते. खाली लिहिलं होतं, 'बाबा, हा शेवटचा. आम्ही पोरं आहो, तुमच्या फाइली नाही. खुलासा-बिलासा मिळणार नाही. फोन बंद करून राहिलो. उद्या बोलू.'

फोटोत रोशनी नव्हती. धम्मानंद मटकन खुर्चीत बसले. "तिचा फोन कोणीतरी हिसकला. हे तिनं लिहिलंच नाही. माझी पोरगी असं बोलूच शकत नाही."

"तिनंच लिहिलं," मायाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "माह्यावर गेली ना ती."

"तुले काही चिंता आहे का नाही? काहून हसून राहिली?"

मायाबाईंनी ट्रे खाली ठेवला. कपाट उघडून तीन जाडजूड अल्बम काढले आणि धम्मानंदांच्या मांडीवर टाकले. "मोजा."

"आता? हे?"

"मोजा म्हणते ना! तुमचंच काम आहे ते."

धम्मानंदांनी पानं उलटली. रोशनीचा पहिला वाढदिवस. दीक्षाभूमीवर कडेवर रोशनी. पचमढीला घोड्यावर बापलेक. शाळेचं बक्षीस. प्रत्येक फोटोत ते होते, रोशनी होती, कधी आजी होती.

"मी कुठं आहो?" मायाबाईंनी विचारलं.

"तू... तू फोटो काढून राहिली होती."

चारुशीलाबाईंनी हळूच मोबाइल घेतला आणि चारही फोटो पुन्हा पाहिले. "अगं बाई," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. कृष्णकांतांनी महादेवरावांकडे पाहायचं टाळलं.

"सेल्फी काढू नका म्हणाले, फोन कोणाले देऊ नका म्हणाले. मग चौथ्यानं काय झाडावर कॅमेरा टांगायचा?" मायाबाईंचा आवाज चढला. "अन् मी पंचवीस वर्षं गैरहजर आहो. कोणी स्कूटर घेऊन आलं? कोणी खुलासा मागितला? आता मी पण देत नाही. पाचची बस आहे पारशिवनीची. भात कुकरमध्ये लावून घ्या, दोन वाट्या पाणी."

"अन् हे पाहुणे?"

"हे नियंत्रण कक्षातले आहेत. नियंत्रण करा." त्यांनी दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि जिना उतरून गेल्या.

रविवारी दुपारी धम्मानंद लगदा झालेला भात परतत होते, तेव्हा ग्रुपवर फोटो आला. संत्र्याच्या झाडाखाली बाजेवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधोमध मायाबाई, कोणाचा तरी गॉगल लावून, तोंड भरून हसत होत्या. इतकी हसणारी माया त्यांनी कोणत्याच अल्बममध्ये पाहिली नव्हती. सवयीनं त्यांनी बोट ठेवून मोजलं. सहा मैत्रिणी, सातवी माया. साती हजर. त्यांना बरं वाटलं. मग कपाळावर आठी आली.

त्यांनी घाईघाईनं टाइप केलं, 'सगळ्या तर फोटोत आहात. मग फोटो कोणी काढला?'

पाच मिनिटांनी मायाबाईंचं उत्तर आलं, 'खुलासा मिळणार नाही.'

त्याच्याखाली लगेच व्हिएन्नाहून रोशनीचा अंगठा आला.