चहाची खूण

या इमारतीची माझ्याइतकी माहिती कुणालाच नाही, हे मी छातीठोकपणे सांगते! आता इथे फ्लॅट आहेत, कॉफीचं दुकान आहे, व्यायामशाळा आहे. पण ही सूतगिरणी होती तेव्हा माझी उमेदीची सगळी वर्षं इथेच सूत गुंडाळण्यात गेली. म्हणून तर मुलाने हौसेने इथेच फ्लॅट घेऊन दिला. "आई, तुला माहेरी आल्यासारखं वाटेल बघ!"

वाटलं ना! माहेरी कुणीच उरलेलं नसताना वाटतं, अगदी तस्सं. शेजारी लिफ्टमध्ये भेटतात आणि मोबाइलकडे बघून हसतात.

गिरणीत आमच्या खात्यात यंत्रांचा इतका गोंगाट, की बोलायचं ते हातांनी. मूठ दोनदा तोंडाशी नेली की 'चहाला चल'. डोक्यावर हातांची फुली केली की 'कुणीतरी अडकलंय, यंत्र थांबव!' माझी जोडीदारीण ठेंगू तर नुसत्या हातांनी अख्खी सासू उभी करायची! गिरणी बंद पडली, ठेंगू लेकीकडे गेली. हातांच्या गप्पा फोनवर होत नाहीत हो.

तर परवा मी खिडकीत उभी होते. समोर काचेआड आमचं जुनं खातं, म्हणजे आताची व्यायामशाळा. आत एक ठेंगणी बाई पाठमोरी, आणि तिने डोक्यावर हातांची फुली केली!

"ठेंगू!" मी ओरडलेच. ही खूण दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

एका पायात चप्पल, दुसऱ्यात न्हाणीघरातली सपात, अशी मी धावले. दारातल्या खांबावर यंत्र थांबवायची आमची लाल दांडी जिथल्या तिथे! सगळा भार टाकून खेचली.

असा भोंगा वाजला म्हणता! अख्खी इमारत खाली आली. एकाच्या गालाला साबण, एकीच्या कडेवर कुंडी!

ठेंगणी बाई वळली. माझ्या नातीहून लहान, व्यायाम शिकवणारी!

"आजी, आग कुठे लागलीय?"

"आग कसली? अडकलंय कोण?"

"कुणीच नाही! हा खांद्यांचा व्यायाम आहे!"

"अहो आजी," वॉचमन किंचाळला, "ती आगीची दांडी आहे!"

"आमच्या वेळी यंत्र बंद करायची होती!"

भोंगा काही केल्या थांबेना. कुणाचं कुणाला ऐकू येईना. मग काय, मी हातांनी बोलायला सुरुवात केली! साबणवाल्याने हातानेच विचारलं, 'काय?' मी दाखवलं, 'चहा!' कुंडीवालीने ती खूण उचलली. बघता बघता सगळं अंगण हातवारे करत हसत सुटलं. जणू गिरणीची पाळी सुरू झाली होती!

मग भोंगा थांबला. सगळे मोबाइल काढून वर गेले.

काल खिडकीतून पाहते तो काय! व्यायामशाळेतला सगळा वर्ग माझ्याकडे तोंड करून मूठ तोंडाशी नेतोय. दोनदा! मी ठेवणीतलं पातळ नेसले, वेणी घातली, खाली गेले.

"चला, कुठे घ्यायचा चहा?"

"चहा?" ठेंगणी गोंधळली. "अहो आजी, तुमची खूण दंडांसाठी फार छान आहे! रोजच्या व्यायामात घेतली!"

परत वर आले. आधण ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन सवयीने खूण केली. काचेतल्या म्हातारीने लगेच तीच खूण केली. तिचा एक दिवस खाडा नाही!