फिरदोसच्या लग्नातली गार हवा

बादशहाभाईंनी आयुष्यात घेतलेला एकही निर्णय लहान नव्हता. सुरुवातीला तो लहान दिसायचा, एवढंच. लेकीला लग्नाच्या दिवशी सांगलीहून रहिमतपूरला कुठल्या गाडीतून न्यायचं, हा तसा चहा निवेपर्यंत सुटणारा प्रश्न. व्याह्यांनी, म्हणजे हाजीसाहेबांनी, तो फोनवर सोडवलाही होता. "मे महिन्याचं ऊन आहे. आमची नवी एसी गाडी पाठवून देतो." बादशहाभाईंनी फक्त "बरं" म्हणायचं होतं. पण त्यांच्या तोंडातून एकच शब्द एकटा बाहेर पडल्याचं माधवनगरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

"छे छे, हाजीसाहेब! आमच्या दारात गाडी उभी असताना? अहो, एसी असा की लेकीच्या कपाळावर घामाचा एक थेंब दिसला, तर बादशहा हे नाव बदलून टाकीन!"

फोन ठेवला. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"आवं, आपल्या गाडीचा एसी चालतो व्हय?" त्यांच्या बायकोनं, महेजबीननं, विचारलं.

"चालंल की."

"कवा?"

बादशहाभाई तडक अंगणात गेले.

गाडी होती परदेशी, बादशहाभाईंच्या लग्नाच्याही आधीची. एका बंद गिरणीच्या मालकाकडं धूळ खात पडली होती, तिथून त्यांनी ती आणली. (बादशहाभाई कुपवाडला एका कारखान्यात स्टोअरकीपर. भंगार दिसलं की त्यांना माया दाटून येते.) लांबी अशी, की वळणावर तिचं तोंड पुढच्या गल्लीत पोचायचं तेव्हा शेपूट मागच्या गल्लीतल्या कोंबड्या हाकलत असायचं. एसी लावला की गारवा तयार व्हायचा. त्यात खोट नव्हती. पण तो माणसांच्या तोंडावर न येता थेट पुढच्या काचेवर जायचा. आत माणसं भाजून निघायची आणि काच मात्र महाबळेश्वरला आल्यासारखी धुकं पांघरून बसायची.

याचं कारणही बादशहाभाईंना ठाऊक होतं. या गाडीत हवेची झडप उघडायला मोटर नव्हती. इंजिनाच्या ओढीवर काम चालायचं. इंजिन हवा ओढतं, ती ओढ काडीएवढ्या रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या एका डबीपर्यंत पोचते, डबी झडप खेचते आणि गारवा तोंडावर येतो. नळीला कुठं चीर गेली, की ओढ वाटेतच गळते, झडप मिटते आणि सगळा गारवा काचेच्या नशिबी.

आता चीर शोधायची कशी? बादशहाभाईंनी धुपाटणं आणलं, निखाऱ्यावर लोबान टाकला आणि बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, नळ्यांवरून धूर फिरवायला लागले. जिथं धूर आत ओढला जाईल, तिथं चीर. युक्ती शास्त्रशुद्ध होती. फक्त डोक्याला रुमाल बांधून गाडीभोवती लोबान फिरवणारा माणूस लांबून शास्त्रज्ञ दिसत नाही.

"बादशहाभाई, गाडीला बाहेरचं काय लागलंय का?" कुंपणावरून धोंडीबानं विचारलं. धोंडीबा शेजारी, तासगावच्या वाटेला त्याची द्राक्षबाग.

"शास्त्र हाय हे, गड्या!"

"व्हय, दिसतंय की. लिंबू-मिरची आणू का शास्त्राला?"

पण धुरानं आपलं काम केलं. रबरी नळ्या इतक्या वाळल्या होत्या, की बोट लावलं की पापडासारख्या मोडत. तशा बारीक नळ्या सांगलीत मिळेनात. पुण्याहून येतील, पण लग्नानंतर. बादशहाभाई हताश होऊन कुंपणाला टेकले आणि त्यांची नजर धोंडीबाच्या ओट्यावरच्या वेटोळ्यावर पडली. कुंड्यांना ठिबकनं पाणी द्यायला आणलेली बारीक नळी. काळी, लवचीक, अगदी त्याच मापाची!

धोंडीबा घरात नव्हता. शेजाऱ्याच्या वस्तूला विचारायचं काय, असं म्हणून बादशहाभाईंनी नळी कापली, जोडली, एसी लावला. थप्प! झडप उघडली आणि थंडगार हवा थेट त्यांच्या मिशीत शिरली.

त्यानंतर त्या एसीचं उद्घाटन रोज व्हायला लागलं. दारात गाडी चालू करून आल्यागेल्याला आत बसवायचं आणि "थंडी वाजली तर सांगा," म्हणायचं. आत बसून दात वाजल्याचं नाटक फक्त त्यांचा मेहुणा नईम करायचा; त्याला लग्नाच्या दिवशी ही गाडी चालवायची होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी जरीच्या जड कपड्यांत, दागिन्यांत आणि हातभर मेंदीत फिरदोस मागच्या सीटवर बसली. शेजारी महेजबीन. पुढं नईम आणि बादशहाभाई.

"अब्बा, एक थेंब न्हाई ना?" फिरदोसनं हसत विचारलं. तिचा मेकप पहाटेपासून चालला होता आणि सासरच्या बायका तिला आज पहिल्यांदाच नवरी म्हणून बघणार होत्या.

"एक थेंब न्हाई!"

गाव सुटेपर्यंत सगळं झकास. पण रस्त्याला पहिला चढ लागला, नईमनं जोर दिला आणि फुस्स! गारवा माणसांना सोडून काचेवर गेला. उतार लागला, परत आला. चढ आला, गेला. पाहुण्यासारखं चाललं होतं. पुढं तर उतारावरही येईना.

"मामू, काच पुसा, रस्ता दिसतो का तुम्हाला?" फिरदोस म्हणाली. तिच्या कपाळावर चकाकायला लागलं होतं.

झाडाखाली गाडी थांबवून बादशहाभाईंनी धोंडीबाला फोन लावला. नळीचं सगळं कबूल करावं लागलं.

"अरं देवा!" धोंडीबा ओरडला. "आवं, ती ठिबकची नळी! तिला वीतवीतभर अंतरावर भोकं असत्यात. पाणी ठिबकायला नको व्हय?"

"पण दारात तर चालत हुती की!"

"दारात गाडीला काय ओझं हुतं? चढाला इंजिनाची ओढ कमी पडती, त्यात तुमची भोकं, उन्हानं ती आणखी फाकली असणार! तरी म्हणलं, माझा मोगरा वाळतोय कशानं."

महेजबीन पदरानं लेकीला वारा घालायला लागली. बादशहाभाईंनी घाईनं पुढचा कप्पा उपसला, डबीवरून ती नळी ओढून काढली, तिचा दोन भोकांमधला वीतभर तुकडा कापून डबीला लावला आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जिवाच्या आकांतानं हवा ओढली.

थप्प! गारवा आला. फिरदोसच्या कपाळावरची बट हलली.

"बघितलंस!" बादशहाभाई विजयानं ओरडले.

तोंड उघडलं, ओढ सुटली, झडप मिटली.

पुन्हा ओढलं. नळीच्या टोकावर जीभ दाबून धरली. गारवा टिकला.

"दाजी, असंच धरून बसा," नईम गाडी चालू करत म्हणाला. बादशहाभाईंना त्याला बरंच काही सुनवायचं होतं. ते त्यांनी डोळ्यांनी सुनवलं.

कऱ्हाड गेलं, मसूर गेलं. हाजीसाहेबांचा फोन आला, तो महेजबीननं घेतला. "हायेत की हे, पण बोलत न्हाईत," ती म्हणाली आणि पलीकडं काळजीचं "या अल्लाह" ऐकू आलं.

रहिमतपूरची कमान दिसली तशी बादशहाभाईंची जीभ नळीवर थरथरायला लागली. लेकीला सांगायचं भाषण त्यांनी महिनाभर पाठ केलं होतं. ते वाटेत, शांतपणे, सविस्तर सांगायचं ठरलं होतं. आता वाटच संपत आली होती. त्यांनी आरशातून मागं बघितलं. फिरदोसचं कपाळ कोरडं होतं. बोलावं, तर गारवा जाणार. त्यांनी दोनदा पापण्या मिटल्या, डोळे भरले, पण नळी सोडली नाही.

फिरदोसनं मेंदीचा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"कळलं, अब्बा," ती म्हणाली. "सगळं कळलं."

मंडपात जिभेला मुंग्या आल्यामुळं बादशहाभाई फक्त मान हलवत हसत होते. हाजीसाहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते, "असा शांत, तोलून-मापून वागणारा व्याही नशिबानं मिळतो." नवरी उतरली तेव्हा तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता, हेही बायकांनी बघितलं. बादशहा हे नाव वाचलं.

संध्याकाळी वळीव कोसळला आणि हवा अशी गार झाली, की परतीला निघताना नईमनं कुणाचा तरी स्वेटर मागून अंगात चढवला. जीभ ताळ्यावर आली होती. दिवसभराचं साठलेलं सगळं सांगायला बादशहाभाई पुढच्या सीटवर सरसावून बसले.

"तर काय झालं, महेजबीन—"

मागच्या सीटवर महेजबीननं शाल घट्ट लपेटून घेतली, ती नळी पदरानं स्वच्छ पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"लय उकडतंय बगा," ती म्हणाली.