समतोल बाजूचे प्रवासी

शहर ही वस्तू दिवसा राहण्यासाठी आणि रात्री लांबून फोटो काढण्यासाठी असते. राहणाऱ्याला ते दिसत नाही आणि फोटो काढणाऱ्याला तिथे राहावं लागत नाही. दोघांचंही त्यातच भलं आहे.

हे ओळखूनच आमच्या पर्यटन जहाजाने बंदरात शिरायची वेळ रात्री आठ वाजून दहा मिनिटं ठेवली होती. त्या वेळी उंच इमारतींची अख्खी रांग दिवे लावून जहाजाच्या डाव्या अंगाने सरकत जाते. बरोबर अकरा मिनिटं. प्रवासी एक हजार आठशे शेहेचाळीस, फोन दोन हजार तीनशे (काही गृहस्थांकडे बायकोचाही असतो).

अडचण एकच होती. आठ-दहा झाले की यच्चयावत माणूस डाव्या कठड्याला चिकटायचा आणि जहाज डावीकडे कलायचं. मागच्या फेरीत जेवणघरातलं सूप कोणी न बोलावता शेजारच्या टेबलावर गेलं. त्याहून गंभीर बाब म्हणजे शहर उतारावर वसल्यासारखं फोटोत आलं. सुपाबद्दल तीन तक्रारी आल्या, फोटोंबद्दल नऊशे बारा.

कंपनी जागरूक होती. तिने ‘समतोल अधिकारी’ हे पद निर्माण केलं. पांढराशुभ्र गणवेश, गळ्यात शिट्टी, समोर वखारीत असतो तसला काटा. पद्धत इतकी साधी, की मला तर तिचं कौतुकच वाटलं. डाव्या कठड्याशी जेवढे किलो उभे राहतील, तेवढेच किलो उजव्या कठड्याशी उभे करायचे. उजवीकडे नुसता काळोख आणि पाणी. त्या बाजूला पूर्वी ‘अंधारी बाजू’ म्हणत. परिपत्रक काढून तिचं नाव ‘समतोल बाजू’ केल्यापासून तिथे पुष्कळ उजेड पडला आहे, असं परिपत्रकातच म्हटलं होतं.

कोणी कुठे उभं राहायचं, हे अर्जावरून ठरे. अर्जातला मुख्य रकाना ‘छायाचित्रणाचे साधन’. मी तिथे माझा मोठा कॅमेरा, दोन भिंगं आणि तिवई लिहिली आणि शहराची बाजू मिळवली. बायकोने फोन लिहिला, तिलाही मिळाली. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, लिहिलं, ‘नुसतं बघायचं आहे.’

“आजी, बघणं या सदरात जागा नसते,” अधिकारी म्हणाला. “तुम्हाला समतोल बाजू. वजन सत्तेचाळीस. बिल्ला मिळेल.”

आता ताईचं ‘नुसतं बघणं’ काय होतं ते सांगायला हवं. याच बंदराच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर, डावीकडून तिसऱ्या खिडकीत बसून तिने एकतीस वर्षं टेलिफोन जोडून दिले. रोज संध्याकाळी समोरून जहाजं जायची. आपली खिडकी तिकडून कशी दिसत असेल, एवढा एकच प्रश्न तिने निवृत्त होताना बरोबर आणला होता. ही सहल तिच्याच हट्टापायी निघाली होती. पुढच्या महिन्यात ती कचेरी पाडणार होते.

“अहो, तुमची जागा द्या की ताईंना,” बायको म्हणाली.

मी ताबडतोब दिली असती. पण नियम असा, की अदलाबदल फक्त समान वजनाच्या माणसाशी (दोन किलो इकडेतिकडे चालतील). मी एकाहत्तर. चोवीस किलोंचा फरक.

“चोवीस उतरवून या, लगेच करून देतो,” अधिकारी म्हणाला. घड्याळात पावणेआठ झाले होते. बहिणीसाठी माणूस काय करत नाही, पण हे पंचवीस मिनिटांत होण्यासारखं नव्हतं.

“राहू दे रे,” ताई म्हणाली. “तू काढ फोटो. मी घरी गेल्यावर बघेन खिडकी.”

मी लगेच समजूतदारपणे मान हलवली.

बायकोने मात्र मान हलवली नाही. तिचं वजन अठ्ठावन्न. तिने माझ्या खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी काढली (भिंगं, तिवई, जादा बॅटऱ्या मिळून अकरा किलो) आणि ताईच्या गळ्यात अडकवली. “चढा काट्यावर.”

काटा अठ्ठावन्नवर थांबला. अधिकाऱ्याने तो तीनदा बघितला. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. बायकोला काट्यावर उभं करायचा प्रश्नच आला नाही. काळोखाकडे कोणी आपल्या पायाने जाईल, अशी तरतूदच नव्हती.

“अगं, तू?” ताई म्हणाली.

“मला काय, समुद्र आवडतो,” असं म्हणून ती गेलीसुद्धा.

आठ-दहाला शिट्टी झाली. मी पिशवीत हात घालताच अधिकारी धावत आला. भिंग बाहेर काढलं तर आजी हलक्या होतील आणि परवाना रद्द होईल. मग मी मुकाट्याने फोन काढला. ताई अकरा किलो सांभाळत कठड्याला धरून उभी होती. सहा मिनिटं ती मजले मोजत होती. मग म्हणाली, “ती बघ. दिवा लागलाय.”

“कुठे?” मी पडद्यावर शोधत विचारलं.

“तिसरी. एवढीश्शी आहे रे. काडेपेटीएवढीसुद्धा नाही.” ती स्वतःशीच हसायला लागली. “आणि मला वाटायचं, जहाजावरचे सगळे आपल्याकडेच बघतायत. एकतीस वर्षं संध्याकाळी नीट केस विंचरून बसायची मी.”

त्या रात्रीचे सहाशे चार फोटो निघाले. त्यांतला एक मोठा करून मी दिवाणखान्यात लावला आहे. येणारा-जाणारा थबकतो आणि म्हणतो, “पाण्याची रेघ काय सरळ आलीय हो!” मी नम्रपणे सांगतो, की त्याला हात स्थिर लागतो. मग ताईची खिडकी दाखवतो, ताईची गोष्ट सांगतो, ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, चहा होतो.

ती अकरा मिनिटं माझ्या बायकोला काय दिसलं, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीही नाही, पण मी फोटो काढत होतो. तुम्ही तर नुसते वाचत होतात.