हेंद्रेपाड्यातली सोळा फुटी पाहुणी

दौलतरावांची बाहुली सोळा फूट उंच होती. वेत, बांबू आणि उल्हासनगरहून आणलेल्या सहा साड्या जोडून तिला उभी करायला त्यांना तीन महिने लागले होते. पाच वाजता बदलापूरच्या मैदानात ती चालवून दाखवायची. आयोजक श्रीपादला पसंत पडली, तर यापुढे प्रत्येक जत्रेला हीच. तेवढ्या भरवशावर दौलतरावांनी कारखान्यातली नोकरी सोडली होती. धन्य तो माणूस!

साडीच्या आत चौघे. मधे दौलतराव, बाहुलीचा उजवा हात हलवायला नाथा. आतून काहीच दिसत नसल्यामुळे पुढे चेतनने ढोल वाजवायचा आणि त्याच्या आवाजामागे यांनी चालायचं. हेंद्रेपाड्याच्या वळणावर एका हळदीचा बँजो दणक्यात सुरू झाला आणि चेतनचा ढोल त्यात बुडाला. चेतन मैदानाकडे गेला, बाहुली हळदीच्या अंगणात शिरली.

बँजो थांबला. नवरदेवाची आजी कौसाबाई पुढे आली.

"कुनाकडची गो पाहुनी?"

"आजी, बाहुली आहे ही! आत मी आहे, दौलत," बाहुलीच्या पोटातून आवाज आला. "मैदानात जायचंय आम्हाला!"

"जा की. पन कपाळाला कुंकू हाय ना तिच्या? मंग ओटी भरल्याबिगर जायाची नाय. बसव तिला!"

आता आली का पंचाईत! बाहुली चालायला बनवलेली, बसायला नव्हे. पण आजी नारळ घेऊन ठाम उभी.

"नाथा, मागचे बांबू सोड. हळू!"

बाहुली कमरेत वाकली, गुडघे पुढे आले आणि ऐटीत खाली बसली की हो! दौलतराव साडीतून बाहेर येऊन आ वासून बघत राहिले.

"अरे, बसते ही!"

ओटी भरली, पण बाहुली काही उठेना. गुडघ्यातला बांबू अडकला होता. साडेपाचला एकट्याच पोचलेल्या चेतनला घेऊन श्रीपाद धापा टाकत आला.

"दौलतराव, पाहुणे स्टेजवर येऊन बसलेत! उठवा हिला!"

"उठत नाहीये," दौलतराव रडवेले झाले.

श्रीपादने वर पाहिलं. गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. हात कसा हलतो, मान कशी वळते, जो तो नाथाला विचारत होता. श्रीपादने फोन लावला.

"स्टेजवरच्या साहेबांना इकडेच आणा. तिकडे खुर्च्यांशिवाय आहेच कोण?" मग तो दौलतरावांकडे वळला. "जत्रांचं पक्कं. पण प्रत्येक ठिकाणी बसायला हवी हं!"

दौलतरावांचे डोळे भरून आले. तेवढ्यात कौसाबाईने श्रीपादची बाही ओढली.

"मानसं किती येतायत? भात वाढवाया सांगते."